स्टीव्ह पीट थांबला तेव्हा सगळे एवढे का हळहळले? वर्ल्ड टायटल तर एकच आहे ना?

नवा_उतार

नमस्कार मंडळी. मी डाउनहिल (डोंगर उतरायची माउंटन बाइक रेस) बघायला लागून फार तर दोन वर्षं झाली. आधी आत्ताच्या रेस बघत होतो, मग एकेक करत जुन्या काढून बघायला लागलो आणि आता रात्री झोपायच्या आधी एक तरी जुना रन बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तर प्रश्न असा की जिथे जावं तिथे पीटी, पीटी, पीटी. रायडर असो, कॉमेंट्री करणारे असोत, मेकॅनिक असोत, स्टीव्ह पीटचं नाव निघालं की बोलणाऱ्याचा आवाजच बदलतो. माणूस २०१६ ला थांबला, त्यालाही किती वर्षं झाली, तरी लोक कालच घडल्यासारखं बोलतात.

मग मी आकडे काढले. निकोला वूयोजच्या नावावर १० रेनबो जर्सी (वर्ल्ड चॅम्पियनला मिळते ती) आहेत, ३ ज्युनियरच्या आणि ७ एलिटच्या. ग्रेग मिनारच्या ४. सॅम हिलच्या एलिटमध्ये ३. आणि पीटची? एक. फक्त २००९ ची.

आमच्या घरी यावरून वाद चालू आहे. मी आणि माझा मोठा भाऊ एकत्र बघतो, तो म्हणतो की लोकप्रिय असणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं, पीट लोकांना आवडायचा म्हणून त्याचं जास्तच कौतुक होतं. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही, कारण मी त्याला लाइव्ह रेस करताना कधी बघितलंच नाही. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी प्लीज सांगा, नेमकं काय होतं त्याच्यात? नुसतं "लेजंड होता" असं नको, जरा उलगडून सांगा.

---

खडकवाट

अरे वा, या विषयावर कुणी विचारलं की मला राहवत नाही, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घे.

तुझ्या दादाने जिंकलेल्या रेस मोजल्या ना, आता त्याला हरलेल्या मोजायला सांग. वर्ल्ड चॅम्पियनशिप, २०००, सिएरा नेवाडा, पीट दुसरा. सोनं मायल्स रॉकवेलला. २००१, वेल, परत दुसरा, पुढे वूयोज. २००२, काप्रुन, परत दुसरा आणि परत वूयोजच. म्हणजे सलग ३ वर्षं जगात दुसरा. आणि हे एखाद्या नवख्याचं नाही, त्याच २००२ मध्ये हा माणूस वर्ल्ड कपचा ओव्हरऑल (पूर्ण सीझनच्या रेस मिळून पहिला नंबर) जिंकलेला होता, म्हणजे वर्षभर सगळ्यांना मागे टाकायचा आणि त्या एका दिवशी काहीतरी व्हायचं.

मग आलं २००४, ले जे, फ्रान्स. हे मी आजही नीट बघू शकत नाही. रन असा चालला होता की स्प्लिटला (मधल्या टप्प्याच्या वेळेत) पुढे, खाली गर्दी उसळलेली, आणि फिनिश लाइन जवळ आलेली असताना चाक घसरलं आणि हा खाली. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात ना, तो असा. सोनं फाबियां बारेलला गेलं, त्याच्या स्वतःच्या देशात. बारेलचा रन उत्तमच होता, त्याच्याकडून काही हिरावून घ्यायचं नाहीये, पण पीटच्या बाजूने विचार कर. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. आपण सगळे मनातल्या मनात म्हणालो होतो की झालं, आता नाही मिळत याला ती जर्सी.

२००८, वाल दि सोले. सॅम हिल वरपासून असा काही आला की बाकीच्यांची रेस संपल्यातच जमा होती, पण शेवटच्या वळणावर तो घसरला. (घसरून, उठून, परत सायकलवर बसून तरी तिसरा आला, यावरून त्याचा वेग काय असेल बघ.) आणि तरीसुद्धा सोनं पीटला नाहीच, जी ॲथर्टन पहिला, पीट दुसरा. चौथं रौप्य. वय ३४.

आता सांग, इथे किती जण थांबले असते? लोकांनी त्याला नावं ठेवली नाहीत, पण एक सहानुभूती सुरू झाली होती, आणि खेळाडूला सहानुभूती नकोशी असते. तो गप्प पुढच्या सीझनला परत आला. २००९ मध्ये आधी ला ब्रेसला वर्ल्ड कप जिंकला, तो त्याचा १७ वा, आणि त्याने वूयोजचा १६ चा रेकॉर्ड मोडला. आणि मग सप्टेंबरमध्ये कॅनबेरा, माउंट स्ट्रोम्लोचा ट्रॅक, पीट पहिला. दुसरा कोण? ग्रेग मिनार, त्याच्याच टीममधला, सांता क्रूझ सिंडिकेटमधला जोडीदार. फरक ०.०५ सेकंद.

मी त्या दिवशी रडलो होतो, खोटं कशाला सांगू. ९ वर्षं वाट बघितली होती आम्ही पण.

---

मागचं_चाक

वरच्या प्रतिसादातलं सगळं मान्य, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पीट म्हणजे नुसता दुर्दैवी माणूस असं चित्र होतं आणि ते चुकीचं आहे. ३ वेळा वर्ल्ड कप ओव्हरऑल, २००२, २००४, २००६. ओव्हरऑल म्हणजे पूर्ण सीझन, वेगवेगळे देश, कुठे चिखल, कुठे धूळ, कुठे नुसते दगड, आणि प्रत्येक ठिकाणी वर राहायचं. वर्ल्ड चॅम्पियनशिप ही एका दिवसाची, एका रनची असते. दादाला विचारा, मोठेपणा एका दिवसात बघायचा की वर्षभरात? बघा, २००४ ला ले जेला पडला आणि त्याच वर्षी ओव्हरऑल जिंकला. माझ्या लेखी हीच त्याची खरी ओळख आहे.

---

ब्रेक_सोडून

मी थोडा वेगळ्या बाजूने सांगतो. मी स्वतः काही वर्षं रेस केली, अगदी खालच्या पातळीवर, पण गेट (जिथून रन सुटतो ते) काय असतं ते मला माहितीये.

डाउनहिलमध्ये तुझ्या बाजूला कुणी नसतं. एक एक जण सुटतो, एकच फायनल रन, घड्याळ आणि तू. रोड रेसमध्ये मागे पडलास तर दम धरून परत पुढे जाता येतं, इथे एका वळणावर अर्धा सेकंद सांडला की तो गेला, तो परत कमवायला पुढे आणखी धोका पत्करावा लागतो आणि तिथेच माणूस पडतो. आता ०.०५ सेकंद म्हणजे काय त्याचा हिशोब कर. ५० च्या स्पीडने चाललेली सायकल तेवढ्या वेळात जेमतेम ७० सेंटीमीटर जाते. म्हणजे एका चाकाएवढं अंतर. अडीच मिनिटांच्या आसपासचा रन, तो पण वेगवेगळ्या वेळी सुटलेल्या दोन माणसांचा, आणि फरक एका चाकाचा. जो जिंकला त्याने कुठल्यातरी एका मुळावर, एका बर्मवर (कडेला उंच केलेल्या वळणावर) ब्रेक एवढुसा उशिरा दाबला असणार, बस. आणि याच्या आधी असंच वेगात पडून त्याने वर्ल्ड टायटल घालवलेलं होतं. हे डोक्यात ठेवून ३५ व्या वर्षी परत तसंच सोडायचं, हे मला आजही कळत नाही कसं जमतं ते.

माझं कॉलरबोन मोडलं तेव्हा हाड दोन महिन्यांत जुळलं, पण डोक्यातली भीती नाही गेली. त्याच ट्रॅकवर परत गेलो तर हात माझं न ऐकता आधीच ब्रेक धरायचे. मी ठरवून नाही थांबलो, माझ्या बोटांनी ठरवलं. म्हणून कुणी ४२ व्या वर्षापर्यंत वर्ल्ड कपच्या गेटवर उभा राहतो हे वाचलं की मी आकडे बघतच नाही. वीसपेक्षा जास्त वर्षं त्या माणसाच्या बोटांनी त्याचं ऐकलं.

आणि सायकली किती बदलल्या बघ त्या काळात. हा सुरू झाला तेव्हा सस्पेन्शन म्हणजे नावापुरतं, ब्रेकचा भरवसा नाही, सगळं २६ इंचाच्या चाकावर. तिथून कार्बन फ्रेम आणि २७.५ पर्यंत सगळं त्याच्या डोळ्यासमोर, त्याच्या हाताखाली झालं. एक हळहळ मला कायम वाटते. पीट चांगला उंच गडी, आणि तो थांबला २०१६ ला. लगेच पुढच्या वर्षी त्याच्याच टीमने २९ इंचाची चाकं डाउनहिलला आणली आणि मिनारने (तोही उंचच) त्यावर फोर्ट विल्यम जिंकलं. तेच फोर्ट विल्यम जिथे २००५ ला पीट जिंकला होता, साडेचार मिनिटांच्या घरातला, हात पिळून काढणारा ट्रॅक. पीटला ती मोठी चाकं दहा वर्षं आधी मिळाली असती तर काय झालं असतं हा विचार मी किती वेळा केलाय.

---

नवा_उतार

बापरे, एवढं सगळं मला माहीतच नव्हतं, मनापासून धन्यवाद सगळ्यांना. ७० सेंटीमीटरचा हिशोब दादाला वाचून दाखवला, तो काही बोलला नाही पण उठून माझ्या सायकलच्या चाकाकडे बघत बसला.

अजून एक विचारतो. मिनारला काय वाटलं असेल? म्हणजे ०.०५ ने हरायचं आणि ते पण आपल्याच टीमच्या माणसाकडून. आणि पीट थांबल्यावर त्याचं पुढे काय झालं, एकदम गायब झाला का?

---

चिखलातली_वाट

मिनारचं मन मला वाचता येत नाही, पण पुढे काय झालं ते सांगते. पीटचा १७ विजयांचा रेकॉर्ड मोडला तो मिनारनेच. आणि २०२१ मध्ये, त्याच वाल दि सोलेला जिथे २००८ ला पीटला चौथं रौप्य मिळालं होतं, मिनार ३९ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. लोक म्हणाले या वयात कसं काय. अरे, ज्याने आपल्या टीममध्ये रोज सकाळी पीटला ट्रॅक वॉकला (रेसआधी ट्रॅक पायी फिरून बघायला) जाताना बघितलंय त्याला या वयात का नाही असंच वाटणार ना. हा माझा अंदाज आहे हं, पण मला तो पक्का वाटतो.

गायब वगैरे अजिबात नाही झाला. सिंडिकेटबरोबरच राहिला, फक्त नंबर प्लेट काढून. नव्या पोरांना लाइन (ट्रॅकवरून जायची नेमकी वाट) दाखवायची, ट्रॅकच्या कडेला उभं राहून बघायचं की कोण कुठे वेळ घालवतोय, गेटवर जायच्या आधी कुणाला किती बोलायचं आणि कुणाला अजिबात बोलायचं नाही हे ओळखायचं. हे काम बाहेरून दिसत नाही. ज्याला स्वतःला चार वेळा दुसरं येऊन खाली उभं राहावं लागलंय त्याच्यापेक्षा हे जास्त कुणाला कळणार?

निवृत्तीबद्दल अजून एक, कारण धाग्याचा विषय तोच आहे. आपण सगळे एकाच तराजूत तोलतो, पण प्रत्येकाचं थांबणं वेगळं असतं. त्याच टीममधला जॉश ब्राइसलँड बघा. २०१४ ला ओव्हरऑल जिंकला, त्याच वर्षी हाफियेलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला शेवटच्या जंपवर लांब जाऊन पाय मोडला आणि तरी दुसरा आला. आणि तो पण २०१६ लाच वर्ल्ड कप रेसिंग सोडून गेला, फक्त २६ वर्षांचा असताना! एकाच टीममधून एकाच वर्षी एक ४२ चा आणि एक २६ चा. ब्राइसलँडला सायकल आवडेनाशी झाली नव्हती, त्याला घड्याळ नको होतं. मला दोघांचाही निर्णय तितकाच धाडसाचा वाटतो आणि त्यावेळी ब्राइसलँडला "वाया घालवलं" म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

आणि रेचल ॲथर्टन. २०१६ मध्ये वर्ल्ड कपच्या सातही रेस जिंकल्या, वर वर्ल्ड चॅम्पियनशिप पण. पुढे दुखापत, मग आई झाली, सगळ्यांनी मनात धरलं की संपलं. २०२३ ला लेंझरहाइडला परत आली आणि पहिलीच रेस जिंकली. त्यामुळे मी आता कुणाच्याही बाबतीत "संपलं" हा शब्द वापरत नाही.

---

खडकवाट

ताई, ब्राइसलँडबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, त्या वर्षी मी पण पीटच्या नादात त्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

नवा_उतार, एक विसरलो. शेफिल्डजवळच्या चॅपलटाउनचा हा माणूस, तिथलं वॉर्नक्लिफचं जंगल म्हणजे नुसते टोकदार दगड आणि ओल, तिथेच सायकल चालवत मोठा झाला. जुने रन बघताना त्याच्याकडे दगडांच्या पट्ट्यात बघ, बाकीचे वाट शोधतात, हा शरीर मऊ ठेवून सायकलला खाली नाचू देतो आणि डोकं मात्र जागच्या जागी. एवढ्या उंच माणसाला ते कसं जमतं ते स्लो करून बघण्यासारखं आहे.

---

नवा_उतार

बघणार, आजच. दादा स्वतःहून म्हणाला की आधी २००४ लाव, ले जेचा, आणि त्याच्यानंतर मधे काही न लावता थेट २००९.