संकेतस्थळावर सूचना मागवल्या म्हणजे लोकसहभाग झाला का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

आमच्या पालिकेनं मध्यंतरी संकेतस्थळावर आवाहन टाकलं होतं. शहरातल्या ओढ्या-नाल्यांचे काठ कसे राखावेत, नागरिकांनी सूचना द्याव्यात, मुदत पंधरा दिवस. माझा रविवार त्यात गेला. घरामागच्या ओढ्याला पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, कुठल्या कुंपणभिंतीमुळे ते वळून वस्तीत शिरतं, कुठली उंबराची झाडं काठ धरून आहेत, कुठे काँक्रीट अजिबात नको, सगळं दोन पानांत लिहिलं. बटण दाबल्यावर पडद्यावर एक ओळ आली, ‘आपली सूचना नोंदवली आहे. धन्यवाद.’ नोंद क्रमांक नाही, पोच नाही. पाच महिने झाले. गेल्या आठवड्यात त्याच काठावर जेसीबी उभा राहिला आणि उंबराच्या मुळाशी खडी पडली.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे. पर्यावरणाच्या कामात संकेतस्थळावरची सूचनापेटी हा लोकसहभाग नाही, आणि तिच्यामुळे खऱ्या सहभागाच्या जागा मागे पडतात.

या जागा कायद्यात आहेत. 74व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या दिल्या. महाराष्ट्रानं 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागात एकत्र बसून कामं सुचवायची. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला बसलेत? मी एकदाही नाही, कारण आमच्याकडे ती भरलेलीच नाही. त्यात मार्च 2022 मध्ये पुणे-मुंबईच्या पालिकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. नगरसेवक नाही, सर्वसाधारण सभा नाही. बोलायचं कुणापाशी? उत्तर एकच, संकेतस्थळावर जा.

मुंबईच्या हवामान कृती आराखड्याचंच पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये संकेतस्थळ सुरू झालं, सप्टेंबरमध्ये सूचनांची मुदत संपली, मार्च 2022 मध्ये आराखडा जाहीर. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडू तेवढाच कार्बन शोषलाही जाईल असं, देशाच्या लक्ष्याच्या वीस वर्षं आधी. लक्ष्य मोठं आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण ज्या शहरात एवढी माणसं झोपडवस्तीत राहतात, पुराचा आणि उन्हाचा पहिला मार ज्यांना बसतो, त्यांच्यासाठी संकेतस्थळ आणि तीन-चार आठवडे, एवढ्यात काय होणार?

पिंपळपान

मुळाकाठ, ओढ्याचं वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. संकेतस्थळ नसतं तर आमच्या गल्लीतली सात झाडं आज उभी नसती.

रस्तारुंदीसाठी अकरा झाडं तोडायची होती. 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात जाहिरात आणि झाडावर नोटीस लावावी लागते, हरकतीला सात दिवस. जाहिरात आली होती म्हणे, पण आमच्या गल्लीत कुणी घेत नाही अशा पेपरात. झाडावरची नोटीस पावसानं गळून पडली, मी तिचा खिळा तेवढा पाहिला. मला कळलं ते पालिकेच्या संकेतस्थळावर वृक्ष प्राधिकरणाचं जे पान आहे, त्यावरच्या यादीतून, चौथ्या दिवशी रात्री. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना टेबलाशी बसवून त्यांची हरकत टाइप केली, मग त्यांच्या भिशीच्या बायका आल्या. तीन दिवसांत बेचाळीस हरकती गेल्या. सुनावणी झाली, गटाराची रेषा दीड मीटर सरकली, चार झाडं गेली, सात राहिली. त्यातला एक पिंपळ पन्नाशीच्या पुढचा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर तो कायद्यानंच वारसा वृक्ष ठरतो, आणि हेही मी त्याच पानावर वाचलं.

पानावर काय आणि कधी चढलं, याला किती वजन असतं ते मुंबईच्या आरेमध्ये, मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीत दिसलं. ऑक्टोबर 2019 मध्ये उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. दोन हजारांवर झाडं गेली. तेव्हा वाद चालला होता तो याचा, की परवानगी संकेतस्थळावर चढल्यापासून पंधरा दिवस मोजायचे, की आदेश निघाल्याच्या तारखेपासून. तुम्ही ज्याला नुसतं पान म्हणता, त्यावरच्या तारखेसाठी माणसं रात्रभर रस्त्यावर होती.

क्षेत्रसभा हवीच. पण ती भरत नाही, याचा दोष संकेतस्थळाच्या माथी का? ती तर पालिका संकेतस्थळावर सूचना मागवत नव्हत्या तेव्हाही भरत नव्हती.

उपअभियंता_निवृत्त

पालिकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही पर्यावरण आणि मलनिस्सारणात. सूचनांचं आत काय होतं ते सांगतो.

मुदत संपली की सगळ्या सूचना एका तक्त्यात येतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी असतात. ओढ्यावर सूचना मागवल्या की लोक लिहितात, दिवा बंद आहे, कुत्री फार झालीत, पाणी कमी दाबानं येतं. हे चूक नाही. माणसाला एकच दार उघडं दिसलं तर तो सगळं तिथेच घेऊन येतो. पण तो तक्ता पुढे सल्लागार संस्थेकडे जातो आणि तिथे पाचशे ओळींच्या सहा ओळी होतात. ‘नागरिकांनी ओढ्यांच्या स्वच्छतेची मागणी केली.’ मुळाकाठ, तुमची दोन पानं त्या वाक्यात गेली असणार. मी स्वतः असे सारांश लिहिले आहेत. त्यातल्या कुठल्या भिंतीचं, कुठल्या झाडाचं नाव मी गाळलं, याचा विचार आता येतो आणि झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षाची, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून पैसा येणार त्याची. ज्या सूचनेला असं खातं नाही ती फायलीत राहते. म्हणून पुण्याच्या नागरिक अंदाजपत्रकाबद्दल मला आस्था आहे. 2006-07 पासून चालू आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात कागदावर द्या नाहीतर संकेतस्थळावर भरा, मंजूर झालेलं काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापून येतं. छापलेलं काम मागता येतं. लोक त्यात पदपथ, दिवे, बाकडीच जास्त मागतात, पर्यावरणाचं कमी. तेवढी खंत आहे.

नलू_घोरपडी

मी पुण्यात कचरावेचक बायांसोबत काही वर्षं काम केलंय, म्हणून लिहिते. या शहरात ओला-सुका वेगळा झाला असेल तर तो कुठल्या पानामुळे नाही. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था, 2008 पासून पालिकेबरोबर काम करते. तीन हजारांहून जास्त माणसं रोज दारोदार जातात. एक बाई एका घराच्या दारात वर्षाला तीनशे वेळा उभी राहते. मिसळलेला डबा दिसला की ती तो तिथेच उघडते आणि म्हणते, ‘ताई, हे बघा, माझ्या हाताला काच लागली.’ असं सांगणं कुठल्या पडद्याला जमेल?

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही मोहीम याच बायांच्या अनुभवातून आली. सूचनापेटीत ती कधीच आली नसती. ज्यांना रोज ते हातानं उचलावं लागतं त्यांच्याकडे लॉगिन नाही, आणि ज्यांच्याकडे लॉगिन आहे त्यांना आपल्या डब्याचं पुढे काय होतं ते ठाऊक नाही.

पिंपळपान ताई, तुमच्या गल्लीतल्या आजींना तुम्ही टेबलाशी बसवलंत. झाडं तुमच्या टेबलानं वाचवली, पानानं नाही.

पिंपळपान

नलूताई, टेबल माझं होतं, पण चौथ्या रात्री ती यादी दिसली नसती तर मी टेबल कशाला मांडलं असतं? दोन्ही लागतं, हे मी मानते. धागा मात्र ‘हा सहभागच नाही’ असं म्हणतो, माझा विरोध त्याला आहे.

कोंकणीवाट

पुणे-मुंबई सोडून बोलतो. मी एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात शिक्षक आहे. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गावांना गुण. कल्पना मला मनापासून आवडली, मुलांना समजते. पण संकेतस्थळावर हरित शपथ घ्यायची असते, आणि आमच्याकडे एका सकाळी निरोप आला की आकडा वाढवायचाय, प्रत्येक वर्गानं शपथा भरा. संगणक कक्षात मुलांची रांग लागली. मागचा मुलगा विचारतो, ‘सर, काय शपथ घ्यायचीय?’ पुढचा म्हणतो, ‘अरे टिक कर आणि उठ.’ मी तिथेच सगळं थांबवलं, वर्गात आलो आणि शपथेची एकेक ओळ फळ्यावर लिहून त्यावर बोललो. दोन तास गेले, त्या दिवशी आमच्या वर्गाच्या शपथा भरल्याच गेल्या नाहीत. त्या वर्गातल्या चार पोरांनी नंतर शाळेमागे पालापाचोळ्याचा खड्डा केला, तो अजून चालू आहे.

अभियान वाईट नाही. मोजायला सोपं तेच मोजलं जातं, हे वाईट.

सह्यकडा_माद्रिद

नोकरीनिमित्त काही वर्षं माद्रिदला आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. संकेतस्थळ दुबळं असतं ते त्याला अधिकार दिलेले नसतात म्हणून.

इथल्या पालिकेनं 2015 मध्ये ‘डिसाइड माद्रिद’ हे सूचनांचं संकेतस्थळ सुरू केलं. नियम असा, की सोळा वर्षांवरच्या एक टक्का रहिवाशांनी, म्हणजे तेव्हा 27,662 जणांनी, एखाद्या सूचनेला पाठिंबा दिला की पालिकेनं त्यावर शहराचं मत घ्यायचं. फेब्रुवारी 2017 मध्ये पहिलं मतदान झालं. नागरिकांच्या दोन सूचना होत्या. एक, सार्वजनिक वाहतुकीला एकच तिकीट. दुसरी, ‘माद्रिद शंभर टक्के शाश्वत’. दोन्ही मंजूर झाल्या, दोन लाखांवर लोकांनी मत दिलं. मत संकेतस्थळावर देता येत होतं, टपालानंही, आणि मतपेटीतही. ज्या मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येणाऱ्या प्रणालीवर हे चालतं ती पुढे जगातल्या अनेक शहरांनी घेतली. आपल्याकडे का येऊ नये?

मुळाकाठ

सह्यकडा, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण हजारो सूचनांतून उंबरठा ओलांडला तो दोनच सूचनांनी, हेही लिहा ना. आणि 2019 मध्ये तिथं सत्ता बदलल्यावर काय झालं? शहराच्या मध्यभागात प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना बंदी घालणारं ‘माद्रिद सेंट्रल’ नव्या महापौरांनी थांबवायला घेतलं आणि न्यायालयाला मध्ये पडावं लागलं.

सह्यकडा_माद्रिद

खरंय, दोनच. आणि न्यायालयाआधी हजारो लोक जून महिन्याच्या उन्हात रस्त्यावर उतरले होते, तेही खरं. पण जवळपास दोन लाख लोकांनी हवेच्या, ऊर्जेच्या प्रश्नावर आधी एकदा हो म्हटलेलं होतं. हे शहर त्या विषयावर आधीच बोललेलं होतं, त्याची किंमत मी कमी धरणार नाही.

उपअभियंता_निवृत्त

अजून एक सांगायचं राहिलं. पालिका आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा, असं कायदा सांगतो. तो संकेतस्थळावर चढतोही. नदीच्या पाण्याचे, हवेचे, आवाजाचे आकडे त्यात ठिकाणांसह असतात. तो वाचून कुणी कार्यालयात आलं, असं माझ्या नोकरीत दोनदा घडलं. एकदा महाविद्यालयातल्या दोन मुली आल्या होत्या. त्यांनी सलग चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून एका नाल्याचे आकडे वहीत उतरवले होते. आमच्या साहेबांना त्या दिवशी उत्तर द्यावंच लागलं, आणि नाल्याची तपासणी लागली. सूचना लिहिणारा हात जोडून येतो. आमचाच आकडा आमच्यासमोर ठेवणाऱ्याला परत पाठवता येत नाही. संकेतस्थळाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

नलू_घोरपडी

हे पटलं. पण ते आकडे मराठीत आणि वाचता येतील असे असू देत. अहवाल शेकडो पानांचा, त्यात नकाशे असे की मोबाइलवर मोठा करायला गेलं की नुसते ठिपके दिसतात. आमच्या बायांच्या नातवंडांनी तरी तो वाचावा ना.

मुळाकाठ

सगळ्यांचं वाचलं. पिंपळपान, ‘सहभागच नाही’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. यादी, नोटीस, अहवाल पानावर असायलाच हवेत, आणि मुदतीत असायला हवेत. सूचनापेटीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. जिथं नोंद क्रमांक नाही आणि ‘तुमची सूचना घेतली की नाही, का नाही’ याचं उत्तर नाही, तिथं विचारल्याचा देखावा आहे. माणूस दोनदा लिहितो, तिसऱ्यांदा लिहीत नाही. मग उद्या पालिका म्हणणार, लोकांना पर्यावरणाची पर्वाच नाही.

सोमवारी तीच दोन पानं छापून क्षेत्रीय कार्यालयात नेतोय. आवक-जावकचा शिक्का घेऊनच परतेन.

उपअभियंता_निवृत्त

जाण्याआधी एवढं करा. ओढ्याकाठचा सर्व्हे नंबर वरच्या ओळीत टाका. जलसंपदा खात्यानं तिथं निळी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं त्याची हद्द, आखली आहे का पाहा, असेल तर जेसीबी तिच्या आत आहे की बाहेर ते लिहा. भिंतीवर पाण्याचा डाग कुठवर आहे त्याचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. आणि पत्र दोन प्रतींत न्या, शिक्का तुमच्या प्रतीवर मारून घ्या.

पिंपळपान

उंबरांसाठी वृक्ष अधिकाऱ्यांना वेगळं पत्र द्या, ते वेगळ्या खात्यात जातं. मसुदा मी आज रात्री पाठवते. मुळाशी पडलेल्या खडीचा फोटो आधी काढून ठेवा, सोमवारपर्यंत ती पसरलेली असेल.