निवृत्तीची रक्कम आणि तीस दिवस

राजेंद्रनगर, इंदूर. इमारतीचा ग्रुप, रविवार संध्याकाळ.

बी-२०३: सर्वांना नमस्कार. मी शाळेतून निवृत्त झाले, हे आपल्याला ठाऊकच आहे. निवृत्तीचे २६ लाख रुपये खात्यात जमा झाले आणि दुसऱ्याच दिवशी बँकेतून फोन आला. बाजाराची पडझड आणि घसरता रुपया यांची भीती घालून तेथील अधिकाऱ्यांनी एका ‘हमखास परताव्याच्या’ योजनेवर माझ्या सह्या घेतल्या. टपालाने आलेले पाकीट आज उघडले, तेव्हा कळले की ती विम्याची पॉलिसी असून ३ लाख रुपयांचे आणखी ४ वार्षिक हप्ते भरायचे आहेत. भाचा म्हणतो की, उरलेल्या सगळ्या पैशांचे सराफ्यातून सोने घेऊन टाक. मला काहीच सुचत नाही.

ए-१०१: वहिनी, सोन्याचे नंतर पाहू. पाकीट कोणत्या तारखेला हाती पडले, ते आधी आठवून लिहून ठेवा. आयुर्विम्याची पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते. कागदांत ‘फ्री लूक’ या नावाने ते कलम सापडेल. अर्ज थेट विमा कंपनीकडे लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. बँकेत ३० वर्षे काढल्यामुळे सांगतो, ‘थोडे थांबा, योजना चांगली आहे’ असे तुम्हाला ऐकवले जाईल. थांबू नका.

सी-४०२: काकू, काका म्हणतात तसेच करा. काका, माझाही एक प्रश्न आहे. घरासाठी म्युच्युअल फंडात दरमहा ८,००० रुपये घालते ती माझी एसआयपी तोट्यात दिसते आहे, ती बंद करावी का? शिवाय एका सल्लागार कंपनीतून रोज फोन येतो की ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, महिनाभरात तोटा भरून काढून देऊ.

ए-१०१: तो नंबर आजच ब्लॉक कर. अशा ‘टिप्स’ विकणाऱ्या आपल्या इंदूरमधील अनेक कंपन्यांवर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, कारवाई केली आहे. सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले.

एसआयपीबद्दल माझीच चूक सांगतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला आणि त्याच आठवड्यात मी माझ्या फंडाचे सगळे युनिट्स विकले. तो पैसा मुलीच्या शिक्षणासाठी होता आणि त्याची गरज ६ वर्षांनी पडणार होती. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्सने ५०,००० चा टप्पा ओलांडला, तरी मी बाहेरच होतो, कारण विकताना परत केव्हा शिरायचे हे मी ठरवलेच नव्हते. मात्र बाजार नेहमी इतक्या लवकर सावरत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,००० च्या घरात होता आणि जुनी पातळी गाठायला २०१० ची दिवाळी उजाडली. म्हणून बाजार कुठे जाईल यापेक्षा हा पैसा तुला कधी लागणार, हे आधी ठरव. घर १० वर्षांनी घ्यायचे असेल तर एसआयपी चालू ठेव. २ वर्षांनी घ्यायचे असेल तर तो पैसा तिथे नकोच.

बी-२०३: मला तर दर महिन्याला लागणार आहे.

ए-१०१: म्हणूनच तुमच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना योग्य वाटते. एप्रिल २०२३ पासून तीत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि खाते उघडताना जो दर असेल तोच ५ वर्षे मिळतो. ८.२ टक्क्यांनी २० लाखांवर दर तिमाहीला ४१,००० रुपये हाती येतात.

डी-३०१: काका, ते व्याज करपात्र आहे आणि महागाईबरोबर वाढत नाही. वयाच्या ७५ व्या वर्षी ४१,००० रुपयांत किती भागेल, याचाही विचार व्हायला हवा.

ए-१०१: तुझे म्हणणे रास्त आहे, ते मी सोडून दिले होते. उरलेल्या ६ लाखांपैकी वर्षभराचा खर्च मुदत ठेवीत ठेवून बाकीचे १० वर्षे न लागणारे पैसे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडात टप्प्याटप्प्याने घालता येतील. वहिनी, आधीच्या ठेवी कुठे आहेत?

बी-२०३: ह्यांनी ४ पावत्या केल्या होत्या, मिळून ९ लाख. चारही एकाच सहकारी बँकेच्या आहेत, पण शाखा वेगवेगळ्या आहेत.

ए-१०१: शाखा वेगळ्या असल्या तरी ठेवींच्या विम्याच्या हिशेबात बँक एकच धरली जाते. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे. मुदत संपेल तशी रक्कम दुसऱ्या बँकेत हलवा. सोने हौसेपुरते घ्या. दागिन्याची घडणावळ विकताना परत मिळत नाही, आणि २०१२ मध्ये १० ग्रॅमला ३१,००० च्या आसपास असलेला भाव २०१८ मध्येही जवळपास तिथेच होता.

डी-३०१: काकू, पावत्यांवर वारसाचे नाव आहे ना?

बी-२०३: आत्ताच पाहिले. दोन पावत्यांवर नामनिर्देशनाची जागा कोरी आहे. पाकिटावर पोस्टमनने ९ तारीख घातली आहे आणि आज २० तारीख आहे.

ए-१०१: म्हणजे अजून अवधी आहे. उद्या साडेदहाला फाटकाशी भेटू. पॉलिसीचे मूळ कागद, आधार कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि त्या दोन पावत्या बरोबर घ्या. अर्जाचा मसुदा मी आज रात्रीच लिहून ठेवतो.