जुनी पोलादी प्यूजो सायकल रस्त्यावर आणायची आहे: मर्यादित पैशांत आधी काय करावे?

डिचोलीकर:
माझे मामा बोटीवर नोकरीला होते. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या एका बंदरात प्यूजो या फ्रेंच कंपनीची दहा गिअरची सायकल विकत घेतली आणि घरी आणली. ती आता डिचोलीतल्या आमच्या पडवीत कितीतरी वर्षे उभी आहे. चौकट पोलादी असून नळ्यांच्या सांध्यांवर लग (नळ्या जोडणारे पोलादी खोळे) आहेत. रंग बराच शाबूत आहे, मात्र पोलादी रिमांवर आणि हँडलवर गंज चढला आहे, चेन आखडली आहे आणि टायर बोट लावताच तुटतात. माझ्याकडे या कामासाठी आठ हजार रुपये आहेत. आमच्या भागातले मिस्त्री म्हणतात की, आधी चौकटीला पावडर कोटिंग करून घ्यावे, बाकीचे भाग आपल्या साध्या सायकलचे बसतील. हे योग्य आहे का? पावसाळ्यातही ही सायकल वापरावी अशी माझी इच्छा आहे.

मांडवीकाठ:
रंगाचे काम सर्वांत शेवटी ठेवावे, आणि शाबूत असेल तर मूळ रंग काढूच नये, असे मला मनापासून वाटते. पावडर कोटिंगमध्ये जुनी चित्रे आणि रेघा जातात, ती पुन्हा मिळत नाहीत. शिवाय आटे आणि कपांच्या (छर्रे ज्यात फिरतात त्या वाट्यांच्या) बैठका नीट झाकल्या नाहीत तर तिथे जाड थर बसतो. त्याआधी पुढच्या चाकामागची तिरपी नळी डोक्याच्या नळीला जिथे मिळते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवून पाहावे. सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे आणि मग पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही.

साध्या सायकलचे भाग बसतील, हे मात्र बव्हंशी खरे नाही. त्या काळातल्या प्यूजोवर बहुधा फ्रेंच मापाचे आटे असतात. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे चौकटीत पेडलांचा एक्सल बसतो ती जागा) कपांचा आटा ३५ मिमी व्यासाचा आणि १ मिमी अंतराचा असतो, तर आपल्याकडच्या सायकलींवर इंग्रजी पद्धतीचा १.३७ इंची, इंचाला २४ आट्यांचा कप असतो. याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. इंग्रजी पद्धतीत चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणून तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. फ्रेंच कप दोन्ही बाजूंना सरळ आट्याचे असतात. सवयीप्रमाणे मिस्त्रींनी पाना त्याच दिशेने लावला, तर कप सुटण्याऐवजी अधिक घट्ट बसेल, आणि जोर वाढवला की कपाची बोथट झालेली कड पुन्हा पान्याला धरू देत नाही. कप चांगला असेल तर तो काढायचीही गरज नाही. डाव्या बाजूने एक्सल काढून, आतून रॉकेलने धुऊन, नवे पाव इंची छर्रे आणि भरपूर ग्रीस घालून काम भागते. हे छर्रे आपल्याकडच्या कोणत्याही सायकल दुकानात मिळतात.

पेडलचेही तसेच आहे. फ्रेंच आटा १४ मिमी × १.२५ आहे, दुकानातले पेडल ९/१६ इंची. ते जबरदस्तीने फिरवू नयेत. लेथवाल्याकडून क्रँकला (पेडल बसते त्या दांड्याला) ९/१६ चा टॅप मारून, म्हणजे नवा आटा पाडून, घेता येतो, कारण ते माप किंचित मोठे आहे. क्रँक कॉटर पिनचे (एक्सलला पाचरीसारख्या पिनेने अडकवलेले) असतील तर पिनही मोजून घ्यावी. फ्रेंच पिन ९ मिमीची असते, आपली ९.५ ची.

फोंडेकर:
वरील सूचनेशी मी सहमत आहे. मी गंजाबद्दल लिहितो, कारण आपल्या हवेत तोच खरा शत्रू आहे.

क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की निघतो. ओरखडे पडत नाहीत. खोल गंजलेले सुटे भाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवावेत, हातमोजे घालूनच, मोकळ्या जागेत आणि मुलांपासून दूर. बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, लगेच तेल लावावे. ॲल्युमिनियमचे भाग त्यात बुडवू नयेत.

चौकट बाहेरून चांगली दिसली तरी आतून गंजत असते. सीटच्या नळीच्या फटीतून पावसाचे पाणी बीबीपर्यंत उतरते आणि तिथेच साचते. म्हणून बीबी उघडली असतानाच नळ्यांमध्ये उकळलेले जवसाचे तेल ओतून, चौकट सगळ्या बाजूंनी फिरवून, जादा तेल गाळून, काही दिवस वाळू द्यावे. त्याचा पातळ थर आतल्या भिंतींना चिकटून राहतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवाव्यात. हा खर्च फार थोडा आहे आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत व जून ते सप्टेंबरच्या पावसात त्याचे मोल रंगापेक्षा जास्त आहे.

डिचोलीकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांधा बोट फिरवून पाहिला, सुरकुती नाही. टायरच्या कडेवर २७ × १ १/४ असे लिहिलेले आहे. दुकानदार ७०० सीचे टायर देतो म्हणाले. शिवाय हँडलचा स्टेम (हँडल धरून चौकटीच्या पुढच्या नळीत उतरणारा दांडा) जागचा हलत नाही.

मांडवीकाठ:
ते टायर या रिमांवर घेऊ नका. २७ इंची रिमची टायर बसण्याची कड ६३० मिमी व्यासाची असते, ७०० सीची ६२२. लहान टायर मोठ्या रिमवर चढतच नाही.

माझ्या मते पैशांचा मोठा वाटा इथेच खर्च करावा. पोलादी रिमा ओल्या झाल्या की ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत, आणि पावसात चालवायची असेल तर हा प्रश्न टाळता येत नाही. जुने हब (चाकाचे मधले भाग) तसेच ठेवून, भोके मोजून (बहुधा ३६) तितक्याच भोकांच्या ॲल्युमिनियमच्या ७०० सी रिमा नव्या तारांवर विणून घ्याव्यात. रिम लहान होते, म्हणून तारांची लांबी पुन्हा काढावी लागेल, आणि ब्रेकचे रबर ४ मिमी खाली आणावे लागतील. तुमचे ब्रेक मध्यभागी तार ओढणारे असतील तर ते सहज खाली येतात. रबर मात्र नवेच घ्यावेत. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढण्याचे काम हाताने चाक बांधणाऱ्या अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

हब जुनेच ठेवायचे दुसरे कारण असे की, पाच चकत्यांच्या काळातली मागची जागा सुमारे १२० मिमी असते आणि आजचा १३० किंवा १३५ चा हब त्यात बसवायला चौकट बरीच फाकवावी लागते. फ्रीव्हीलही (मागच्या चकत्यांचा संच) बदलू नका; तारा विणण्यासाठी काढावे लागले तर तेच परत बसवा. हबवर फ्रेंच आटा असल्यास नवे इंग्रजी फ्रीव्हील त्याचे आटे खाईल. रॉकेलने धुऊन पातळ तेल सोडले की पुरे. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) प्लास्टिकचे असेल तर ते वयाने ठिसूळ झालेले असते, तेवढे बदलावे.

फोंडेकर:
स्टेमबद्दल: बोल्ट काही फेरे सैल करा, पूर्ण काढू नका, आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोका, म्हणजे आतली पाचर सुटते. ॲल्युमिनियम पोलादात क्षार धरून अडकते, म्हणून वरच्या फटीत गंज सोडवणारे तेल रोज थोडे सोडत राहा. आग लावू नका आणि पाइप घालून हँडलवर ताकद काढू नका. स्टेम निघाला की त्याच्या उभ्या भागावर जिथे खाच पाडलेली आहे, तिथे भिंगातून तडा आहे का पाहा. जुन्या ॲल्युमिनियम स्टेमना तिथेच तडा जातो. तडा असेल तर नवा घ्या, पण फ्रेंच स्टेम २२ मिमीचा, बाजारातला २२.२ चा, तो पॉलिश पेपरने किंचित घासून जाता होईल, आणि बसवताना ग्रीस लावायला विसरू नका.