ब्राझीलमधील भूक कशामुळे कमी झाली?

प्रश्न: ब्राझील २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून (म्हणजे व्यापक उपासमार असलेल्या देशांच्या यादीतून) बाहेर पडला, पुढे पुन्हा त्यात गेला आणि २०२५ मध्ये परत बाहेर आला. हे केवळ रोख मदतीमुळे घडले का?

प्रतिसाद १: नाही. गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या २००३ च्या 'बोल्सा फामिलिया' योजनेत पैसे शक्यतो घरातील स्त्रीच्या हाती जात आणि मुलांची शाळेतील हजेरी व लसीकरण बंधनकारक असे. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो २००९ चा कायदा, ज्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखून ठेवली.

प्रतिसाद २: सहमत आहे. मात्र नागरिकांचा सहभाग असलेली राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधीच, बरखास्त झाली होती आणि २०२३ मध्ये ती पुन्हा स्थापन करावी लागली, हेही ध्यानात घ्यावे.