उसाच्या भुशातील लिग्निन: जाळावे की प्रकाशाने फोडावे?

समिधा: साखर कारखान्यात ऊस गाळल्यावर उरणारा भुसा बॉयलरमध्ये जातो आणि त्यावर वीज तयार होते, याविषयी तक्रार नाही, मात्र त्या भुशातील लिग्निनमध्ये, म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणाऱ्या पदार्थामध्ये, रसायने बनवायला उपयोगी अशी बेन्झीनसारखी कार्बनची वलये तयार स्थितीत असतात आणि ती जाळणे म्हणजे सागवान चुलीत घालणे होय. भुसा हवेविना ५०० अंशांच्या आसपास तापवला तर शेकडो पदार्थांची खिचडी झालेले आंबट तेल हाती येते. याउलट, योग्य उत्प्रेरकावर प्रकाश पडला की लिग्निनमधील सर्वाधिक आढळणारे बीटा-ओ-४ जोड, म्हणजे त्याच्या घटकांना ऑक्सिजनमार्फत जोडणारे बंध, खोलीच्या तापमानालाही तुटू शकतात.

बॉयलरवाला: प्रयोगशाळेतील नमुना-रेणूंमध्ये, म्हणजे लिग्निनच्या छोट्या, सोप्या नकलांमध्ये, तुटतात, हे मान्य. खरे लिग्निन अल्कलीत विरघळवले की द्राव काळ्या चहासारखा होतो. बोटभर खोलीखाली प्रकाश पोचणार कसा? कावाई आणि साकाता यांनी १९८० मध्येच प्रकाशाच्या साहाय्याने शर्करेपासून हायड्रोजन मिळवला होता, तरी गाडी अजून प्रयोगशाळेतच आहे. टायटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकाला अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. केंब्रिजच्या गटाने २०१७ मध्ये कॅडमियम सल्फाइडचे सूक्ष्मकण वापरून लाकूड व कागदापासून दृश्य प्रकाशात हायड्रोजन काढला, परंतु तो १० मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे लिटरमागे अर्ध्या किलोहून अधिक अल्कली घालून! वर कॅडमियम विषारी.

समिधा: हायड्रोजनपुरते आपले म्हणणे मी स्वीकारते, स्वस्त इंधनासाठी एवढा खटाटोप परवडणार नाही. कॅडमियमऐवजी कार्बन नायट्राइड वापरता येते, तर बारीक नळ्यांतून द्राव वाहता ठेवून बाजूने एलईडीचा प्रकाश दिला की प्रकाश खोलवर न पोचण्याचा प्रश्न बराच सुटतो. विजेचा खर्च येतो, म्हणूनच लिग्निनपासून मिळणारी, व्हॅनिलीनसारखी (व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य) महाग रसायने हे लक्ष्य असावे.

बॉयलरवाला: मग भुशाला हात लावू नका, कारण तो काढून घेतल्यास बॉयलरमध्ये दुसरे काहीतरी विकत आणून घालावे लागेल आणि त्याचा हिशेब कोणीच मांडत नाही. पानिपतला २०२२ पासून भाताच्या पेंढ्याचे इथेनॉल करणारा प्रकल्प आहे. अशा ठिकाणी शर्करा निघून गेल्यावर लिग्निन आयतेच उरते, तिथे प्रयोग करा. आपल्या बारीक नळ्या त्या चिकट गाळाने तुंबणार नाहीत, आणि उत्प्रेरकाची भुकटी त्यातून गाळून पुन:पुन्हा वापरता येईल, एवढे दाखवलेत तर माझा विरोध मी मागे घेईन.