सगळं सागवान एकाच घेराचं: रचनेतली विविधता मोजायची कशी?

पेठची_वाट
सामूहिक वनहक्काच्या (गावाला मिळालेल्या जंगलाच्या) क्षेत्राचा आराखडा करायचाय. बहुतेक साग, घेर ४५ ते ६० सेंमी, उंची जवळपास सारखी, खाली नुसता पाचोळा. ऐन, हेदू, मोह कडेकडेला. जातींची यादी झाली, पण रचना, म्हणजे लहान-मोठ्या झाडांचे घेर आणि थर, आकड्यात कशी मांडू?

टेप_आणि_दोरी
२० × २० मीटरचे प्लॉट घ्या, कडेचे वेगळे आणि आतले वेगळे. उतारावर अंतर आडवं धरायचं. २०° उतार असेल तर दोरी २१.३ मीटर लागते. हे विसरलं की प्लॉट लहान पडतो आणि हेक्टरी झाडं कमी निघतात. घेर १.३७ मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूने मोजा. सागाच्या एकाच खुंटाला तीन-चार फुटवे असतात. प्रत्येकाचा घेर घ्या, पण खुंट एकच नोंदवा, नाहीतर झाडांची संख्या फुगते. घेराचे वर्ग १५ सेंमीचे पाडा. रोपांसाठी आत २ × २ मीटरचे चार चौकोन पुरेत. वठलेली उभी झाडं आणि पडलेले ओंडके वेगळे लिहा, हा रकाना बहुतेक जण गाळतात. पर्णाच्छादन (वर पानांनी किती झाकलंय ते) ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघा. मार्चमध्ये साग निष्पर्ण असतो.

ढोली
घेराच्या वर्गांवरून शॅनन निर्देशांक (विविधता एका आकड्यात सांगणारं माप) काढाल, पण त्यावर विसंबू नका. लहान-मध्यम-मोठी झाडं ६०, ३०, १० टक्के असोत की उलटी १०, ३०, ६०, उत्तर ०.९०च येतं. दुसऱ्या रानात पुढची पिढी फारच कमी आहे, हे त्या आकड्याला कळत नाही. सोबत घेरवर्गांचा आलेख जोडाच.
ग्रामसभेत रचना का महत्त्वाची हे सांगताना जमिनीपासून सुरुवात करा. सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र येऊन मोठे होतात. खाली झुडूप-गवत नसलं, त्यात पाचोळा वणव्यात गेलेला असला, की उघडी माती उडते आणि ओहोळात जाते. झुडूप-गवताचा मधला थर म्हणजे दुसरी छत्री. धनेशाला आणि रानपिंगळ्याला घरट्यासाठी ढोली लागते. ती जुन्या, जाड झाडात मिळते, ५० सेंमी घेराच्या सागात नाही. जाती वीस असल्या तरी सगळ्या एका वयाच्या असतील तर ही उणीव तशीच राहते.

पेठची_वाट
मग मधली काही झाडं काढून उजेड द्यावा का?

टेप_आणि_दोरी
आराखड्यात नोंद आणि वनखात्याशी बोलणं झाल्याशिवाय कुऱ्हाड नको. मंजुरी मिळाली तरी मोकळी जागा शेजारच्या झाडाच्या उंचीएवढ्या व्यासाची, फार तर दीडपट. जास्त उघडलंत तर ऐनाआधी घाणेरी येते, मग दरवर्षी मुळासकट उपटत बसा. एकदम सगळीकडे नको, काही वर्षांच्या अंतराने थोडं थोडं, म्हणजे वयंही वेगळी होतात. एक-दोन वठलेली झाडं वाटेपासून लांब असतील तर राहू द्या. आणि जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) फेब्रुवारीच्या आत साफ हवी. वणवा आला की २ × २ मधली सगळी रोपं जातात, पुढच्या वर्षीचा आलेख पुन्हा आजच्यासारखाच.