पुढची मॅरेथॉन कोणती? आमच्या सोसायटीच्या रनर्स ग्रुपवरची चर्चा (नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-१२०३: मंडळी, आज ठाण्याच्या येऊरच्या डोंगरात मजा आली. पहिल्याच पावसात एवढा गारवा! आता सीझनचं ठरवू या. मी लडाखची फुल, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटरची मॅरेथॉन करायची म्हणतोय, सप्टेंबरमध्ये असते. पहिली फुल आहे, तर आयुष्यभर लक्षात राहील अशीच हवी.

सी-७०१: माझं यंदा अवघड आहे, लेक दहावीला. पण एक तरी हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची, करायचीच आहे.

ए-५०२: मला मुंबई. आणि फुल. बासष्टावं लागलंय, आता पुढे ढकलणार नाही.

सेक्रेटरी: धावणाऱ्या सभासदांना विनंती, पहाटे लॉबीत उभं राहून बोलू नका. तळमजल्यावर तान्हं बाळ आहे. गेटबाहेर जमावे.

बी-४०४: हो साहेब, गेटबाहेरच जमतो.
१२०३, लडाखचं सांगते. मी तिथे हाफ धावलेय म्हणून बोलतेय. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस हॉटेलचा जिना चढतानाच धाप लागते. निदान आठवडाभर आधी पोचायला लागतं, आयोजकही तेच सांगतात. तेवढी रजा मिळेल का बघ. दुसरं म्हणजे तो रस्ता आधी सिंधूच्या अंगाने खाली उतरतो आणि शेवटी पुन्हा लेहकडे चढतो. तुझा आजवरचा सगळ्यात लांब रन एकवीसचा. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर अंगात काही उरलेलं नसताना, विरळ हवेत तो चढ तुला पहिल्यांदाच बघायचाय?

डी-३०१ डॉक्टर: ताई म्हणतात ते खरं आहे. तीस-बत्तीसच्या सुमारास शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा संपत आलेला असतो, पाय जड होतात. ते मैदानी भागातही होतं. वर उंचीवर डोकेदुखी, मळमळ सुरू झाली असेल तर धावायचंच नाही. आणि अशा वेळी ऐन शर्यतीच्या दिवशी माघार घ्यायला मन तयार होत नाही, ही खरी अडचण.

बी-१२०३: मग पहिली फुल कुठे करू? ऑफिसात सगळे म्हणतात मुंबईच. एक मित्र तर साताऱ्याच्या हाफचा त्याचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर देतो म्हणतोय, त्याला जमणार नाहीये.

बी-४०४: दुसऱ्याच्या बिबवर अजिबात धावू नकोस. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला असतो. तू घाटात कोसळलास तर अँब्युलन्सवाले मित्राच्या बायकोला फोन करणार आणि त्याचाच रक्तगट वाचणार. पैसे वाया गेले तर जाऊ देत.

सातारा माझं माहेर. पोलीस परेड ग्राउंडवरून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढायचं आणि तसंच खाली यायचं. पावसात, धुक्यात, दोन्ही बाजूंनी ढोल वाजत असतात. २०१५ ला गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हापासून तर नोंदणी उघडली की भरते. ती पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाने कर. उतारावर मांड्या भरून येतात, तेव्हा येऊरचा उतारही आतापासून नीट धावायला शिक.

सी-७०१: ताई, तुम्ही कशी निवडता? मी तर मेडल आणि टी-शर्ट बघते.

बी-४०४: मेडल बघण्यात काही गैर नाही. पण मी आधी कॅलेंडर घेऊन बसते आणि तारखेपासून मागे मोजते. फुलला सोळा आठवडे धर. आता हे बघा.

वसई-विरार डिसेंबरच्या मध्याला. सोळा आठवडे मागे गेलं की ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. म्हणजे गणपती, नवरात्र, ऑक्टोबर हीट आणि दिवाळी सगळं तयारीतच येतं. ज्यांच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो त्यांचे दोन लाँग रन तिथेच जातात.

मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तयारी सप्टेंबरअखेरीस सुरू. गणपती सुटतो, पण लाँग रन वाढवायचे नेमके ऑक्टोबरमध्ये. सकाळी सातलाच अंगातून धारा लागतात. दिवाळीत आठवडाभर झोप नसते. मात्र तीसचे रन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडतात, ही जमेची बाजू.

दिल्लीची फुल फेब्रुवारीच्या शेवटी. सोळा आठवडे मोजले तर नोव्हेंबरची सुरुवात. सगळे मोठे रन डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आपल्या ठाण्याची उत्तम हवा असते तेव्हा. नेहरू स्टेडियमपासून निघायचं, रस्ता बहुतेक सपाट, पहाटे थंडी. १२०३, तुझ्यासाठी माझं मत ठामपणे दिल्ली. नोव्हेंबरपर्यंत पाच महिने हाताशी आहेत, त्यात पाया घट्ट कर.

बी-१२०३: दिल्लीची हवा? प्रदूषण?

डी-३०१ डॉक्टर: फेब्रुवारीअखेरपर्यंत नोव्हेंबरइतकी वाईट राहत नाही. दम्याचा त्रास असेल तर वेगळं बोलू. तुला नाहीये.

बी-१२०३: आणि पुणे? ती तर जुनी आहे, डिसेंबरमध्येच.

बी-४०४: १९८३ पासून आहे, मान आहेच तिचा. पण तयारीचं गणित वसई-विरारचंच. पुण्याची सकाळ थंड मिळेल, पण लाँग रन तू करणार ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये. हैदराबादचंही कोणी विचारण्याआधी सांगते, ऑगस्ट, दमट हवा आणि फ्लायओव्हरचे चढ. यंदा कोणालाच नको.

सी-७०१: माझं गणितही मांडा ना. फेब्रुवारीत बोर्ड, जानेवारीत प्रिलिम.

बी-४०४: तुझ्यासाठी वसई-विरारची हाफ. डिसेंबरमध्ये मोकळी होशील. हाफला दहा-बारा आठवडे पुरतात, तेव्हा गणपतीच्या आसपास सुरू केलंस तरी चालेल. तिकडे गावातली माणसं रस्त्याच्या कडेला येऊन उभी असतात, पोरं हात पुढे करतात टाळ्या द्यायला. मुंबई सोडली तर इतके बघे मी दुसरीकडे फार पाहिले नाहीत.

सी-७०१: दोन गोष्टी. वाटेत टॉयलेटची सोय असते का? मागे एका ठिकाणी आठ किलोमीटरपर्यंत काहीच नव्हतं. पाणीसुद्धा पीत नाही मग मी. आणि दरवर्षी हाफच करते म्हणून सगळे विचारतात फुल कधी. खरं सांगायचं तर मला हाफच आवडते.

बी-४०४: टॉयलेट हा निवडीचा पहिला मुद्दा धर, शेवटचा नाही. आदल्या वर्षी धावलेल्या बायकांनाच विचारायचं, माहितीपत्रकावर जायचं नाही. वसई-विरारला आपल्या उपवनच्या ग्रुपमधल्या दोघी गेल्या होत्या, त्यांना आजच फोन करते.

आणि हाफचं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर बघ. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. तरी ती तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये धावली. आपल्या पायांना कुठलं अंतर मानवतं ते ओळखणं मोठी गोष्ट आहे. तू हाफ मनापासून धावतेस, ती आणखी चांगली धाव.

सी-७०१: बरं वाटलं ताई. हाफ फायनल.

ए-५०२: माझं राहिलं. मला कॅलेंडर दाखवू नका. नोकरीची सगळी वर्षं सीएसएमटीला उतरून फोर्टात चालत गेलो, छत्री धरून, डबा धरून. मुंबई मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून बॅनर बघितले होते. मला सीएसएमटीच्या दारातून निघून परत तिथे यायचंय. हाफ माहीमच्या रेतीबंदरहून सुटते, म्हणून हाफ नको.

बी-४०४: काका, यावर मी काही बोलणार नाही. इतकं पक्कं कारण असेल तर तीच शर्यत. ऑक्टोबरची उष्णता आपण सांभाळून घेऊ, लाँग रन साडेचारला सुरू करू. पण कारण पक्कं आहे म्हणून तयारी कमी चालणार नाही. मुंबईत पेडर रोडचा चढ लागतो. परत येताना पस्तीस किलोमीटर उलटलेले असतात, ऊन चढलेलं असतं आणि समोर तोच चढ. चांगले चांगले तिथे थांबतात. म्हणून नोव्हेंबरपासून आपला प्रत्येक लाँग रन येऊरच्या चढावर संपवायचा. आधी उपवनच्या फेऱ्या, घोडबंदरचा सर्व्हिस रोड, आणि दमल्यावर येऊर. चढ चालत चढायचा, लाज वाटून घ्यायची नाही. डिसेंबरअखेर एकदा तीस पूर्ण करा, मग तीन आठवडे हळूहळू कमी करत जायचं.

मुंबईच्या फुलला आधीच्या टाइम्ड, म्हणजे वेळ नोंदवलेल्या शर्यतीचं सर्टिफिकेट लागतं. तुमची हाफची सर्टिफिकेटं शोधून ठेवा, नोंदणी उघडली की धावपळ नको.

डी-३०१ डॉक्टर: काका, माझी अट आहे. बीपीची गोळी चालू आहे ना? आधी ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट. हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच नोंदणी. आणि लाँग रनला नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका. चार-पाच तास घाम गाळून फक्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, माणूस गोंधळतो, चक्कर येते. मीठ-साखर-लिंबू किंवा इलेक्ट्रॉल, पण तुमचं बीपी बघून किती ते मी सांगेन. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काहीही वेगळं वाटलं तर त्या क्षणी थांबायचं. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

ए-५०२: मान्य. सौ. शेजारी बसून वाचतेय, तिने डॉक्टरांना धन्यवाद सांगितलेत.

बी-१२०३: काका, मी तुमच्याबरोबर येऊरचे सगळे लाँग रन करतो. माझी दिल्ली तुमच्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, आठवडे बरोबर जुळतात. शर्यतीच्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते, मी ठाण्याहून तुमच्याबरोबर सीएसएमटीपर्यंत येईन. आणि ७०१ ताई, वसई-विरारची हाफ मीही करतो. तुम्हाला पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने सोबत धावणारा हवाय का?

सी-७०१: हवाय! पण पहिले पाच किलोमीटर पळत सुटायचं नाही.

बी-४०४: त्याला तेच शिकायचंय. दिल्लीत पहिले पंधरा किलोमीटर हात आखडता ठेवून धावलास तर शेवटचे दहा तुझे. वसई-विरारला हिच्या वेगाने धावण्याची सवय कर, तुझी तीच सगळ्यात चांगली तयारी होईल.

डी-३०१ डॉक्टर: काका, टेस्टची वेळ घेतलीत की कळवा. रिपोर्ट मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर टाकू नका.

ए-५०२: आत्ताच फोन केला. मंगळवारी सकाळी साडेआठ, उपाशीपोटी बोलावलंय. १२०३, त्या दिवशी सकाळचा रन माझ्याशिवाय.